दोन नावांचा नट : बॅरी फिट्झजेराल्ड

सन १९२० च्या सुमारास आयर्लंडातील डब्लिन शहरी एका सरकारी कचेरीत विल्यम शील्ड्स नावाचा एक ठेंगणा, अबोल गृहस्थ नोकरीस होता. बेकारांच्या विम्याची कागदपत्रे पाहावी, अर्ज तपासावे, शेरे मारावे आणि कचेरी सुटली की टोपी घालून चालू लागावे, असा त्याचा क्रम. वरिष्ठांच्या दृष्टीने पाहिले तर हा मनुष्य कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. परंतु सायंकाळी अॅबे स्ट्रीटवरील नाट्यगृहात जे लोक तिकिटे काढून बसत, त्यांस मात्र याच गृहस्थाची निराळी ओळख होती. तेथे तो बॅरी फिट्झजेराल्ड होता आणि त्याने नुसती भिवई उचलली तरी सारे नाट्यगृह हसू लागे. एकाच देहाची ही दोन नावे पुष्कळ वर्षे एकमेकांस न भेटता नांदत होती. त्यांतील दुसऱ्या नावाने पुढे अमेरिकेत व सर्व इंग्रजी बोलणाऱ्या जगात लौकिक मिळविला. पहिल्या नावाच्या मनुष्याला मात्र तो लौकिक अखेरपर्यंत थोडासा अवघडच वाटत राहिला.

विल्यम जोसेफ शील्ड्स याचा जन्म १० मार्च १८८८ रोजी डब्लिन येथे झाला. त्या वेळी आयर्लंडवर इंग्रजांचे राज्य होते. वडील अॅडॉल्फस शील्ड्स हे छापखान्यात मुद्रिते वाचण्याचे काम करीत आणि कामगारांच्या चळवळीतील एक पुढारी म्हणून गावात त्यांचे नाव होते. आई जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरची. आयर्लंडात बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक पंथाचे. शील्ड्स कुटुंब मात्र प्रॉटेस्टंट. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. घर श्रीमंत नव्हते, परंतु पुस्तके आणि वादविवाद यांची घरात वाण नव्हती, हे वडिलांच्या व्यवसायावरून व चळवळीवरून सहज समजण्यासारखे आहे. मुलाने सरकारी परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या स्केरीज कॉलेजात अभ्यास केला आणि सन १९११ मध्ये तो सरकारी व्यापारखात्याच्या नोकरीस लागला. पगार बेताचा पण ठरलेला, काम हलके, म्हातारपणी पेन्शन. मध्यम स्थितीतील आईबापांना मुलासाठी याहून अधिक काय हवे असते?

डब्लिनमधील अॅबे नाट्यगृह सन १९०४ च्या डिसेंबरात उघडले. कवी येट्स आणि लेडी ग्रेगरी यांनी ते मोठ्या हौसेने स्थापन केले. लंडनहून आलेल्या कंपन्यांची चमकदार नाटके पाहून टाळ्या पिटण्याऐवजी आयरिश लोकांनी आयरिश माणसांची नाटके, आयरिश माणसांच्या बोलीत करावी, हा त्यांचा हेतू. खेड्यातील शेतकरी, भटके, म्हाताऱ्या आया, दारूच्या गुत्त्यात बसून गप्पा हाणणारे लोक, हीच त्या रंगभूमीची राजेरजवाडे मंडळी. नटही आरंभी बहुतेक हौशी असत. दिवसा कोठे तरी चाकरी करावी आणि सायंकाळी तोंडाला रंग लावावा. नेपथ्य साधे, हालचाल थोडी, शब्द स्पष्ट, अशी तेथील शिस्त होती. नायकापेक्षा नायकाच्या भोवतीची माणसे तेथे अधिक जिवंत असत. ज्याला पुढे आयुष्यभर अशीच भोवतालची माणसे रंगवावयाची होती, त्याला याहून चांगली शाळा मिळाली नसती.

या नाट्यगृहात आधी गेला तो धाकटा भाऊ आर्थर. तो विल्यमहून आठ वर्षांनी लहान. सन १९१४ मध्ये तो अॅबेच्या मंडळीत आला आणि त्याच्या मागोमाग थोरलाही तेथे घुटमळू लागला. सरकारी नोकराने दुसरा धंदा करणे वरिष्ठांना खपणारे नव्हते, म्हणून जाहिरातीत घालण्यास एक खोटे नाव हवे होते. बॅरी फिट्झजेराल्ड हे नाव अशा रीतीने, नोकरी राखण्याच्या भीतीपोटी जन्मास आले. आरंभीची कामे अगदी किरकोळ. त्यांपैकी एकाविषयी अशी गोष्ट सांगतात की, शेरिडनच्या क्रिटिक या जुन्या प्रहसनात त्याला अवघे चार शब्द बोलावयाचे होते. घाबरल्यामुळे त्यांतील दोन शब्दांची आद्याक्षरे एकमेकांत गुंतली आणि तोंडातून काही तरी भलतेच बाहेर पडले. प्रेक्षक खो खो हसले. दुसरा एखादा मनुष्य त्या रात्रीनंतर नाट्यगृहाची पायरी चढला नसता. याला मात्र त्या हशाची गोडी लागली, आणि चुकून झालेली गोष्ट जाणूनबुजून कशी करावी हे शिकण्यात त्याने पुढील काही वर्षे घालविली.

इतक्यात सन १९१६ चा ईस्टर आला. एप्रिलच्या २४ तारखेस, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये आयरिश स्वयंसेवकांनी इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला. टपालकचेरी ताब्यात घेऊन तेथून आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा झाली. अॅबेतील काही नट त्या उठावात होते. शॉन कॉनोली नावाचा त्यांच्यापैकी एक नट पहिल्याच दिवशी गोळी लागून पडला. आर्थर शील्ड्स हाही बंदूक घेऊन लढावयास गेला होता. आठवड्याच्या आत तोफांच्या माऱ्याखाली शहराचा मध्यभाग जळाला आणि उठाव मोडला. पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या व आर्थरची रवानगी इतर कैद्यांबरोबर वेल्समधील फ्रॉन्गॉक येथील छावणीत झाली. थोरला भाऊ इंग्रज सरकारच्या कचेरीत खुर्चीवर, आणि धाकटा त्याच सरकारच्या बंदिवासात! त्या दिवसांत अशी घरे आयर्लंडात पुष्कळ होती. आर्थर सुटून आला आणि पुनश्च अॅबेत उभा राहिला. दोघा भावांत या कारणाने कधी अंतर पडल्याचे दिसत नाही.

सन १९२२ मध्ये आयरिश फ्री स्टेटची स्थापना झाली आणि लागलीच तहाच्या अटींवरून आयरिश लोकांचे आपसांतच युद्ध जुंपले. कालचे सोबती आज एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. विल्यमच्या कचेरीवरचे निशाण बदलले. कागद तेच राहिले. याच सुमारास अॅबेकडे शॉन ओकेसी नावाच्या एका मजुराने लिहिलेली नाटके येऊ लागली. ओकेसी हा डब्लिनच्या गरीब वस्तीत वाढलेला, स्वतःच्या हिमतीने वाचावयास शिकलेला, फावडे-कुदळ चालवून पोट भरणारा गृहस्थ. जुन्या पडक्या वाड्यांत एकेका खोलीत एकेक कुटुंब कसे कोंबलेले असते, तेथे भांडणे कशी होतात व सहानुभूती कशी उपजते, हे त्याला पाठ होते. त्याला एक नट मिळाला आणि नटाला एक नाटककार मिळाला. दोघांचा चांगला स्नेह जमला.

ज्युनो अँड द पेकॉक हे ओकेसीचे नाटक ३ मार्च १९२४ रोजी अॅबेत प्रथम झाले. ज्युनो ही रोमन लोकांची देवी आणि मोर हे तिचे वाहन. नाटकातील ज्युनो म्हणजे घरासाठी राबणारी एक गरीब स्त्री. आणि मोर म्हणजे तिचा नवरा कॅप्टन बॉइल, जो नुसता पिसारा फुलवून मिरवतो. हा कॅप्टन जन्मात एकदाच कोळशाच्या जहाजावरून डब्लिनहून लिव्हरपूलला गेला असेल नसेल. परंतु खलाशाची टोपी घालून तो सातासमुद्रांच्या कथा सांगत फिरतो. कामाचे नाव काढले की त्याचे पाय दुखू लागतात, दारूच्या दुकानाचे नाव काढले की ते बरे होतात. ही भूमिका फिट्झजेराल्डची. ज्युनोचे काम सॅरा ऑलगुड या थोर नटीने केले, कॅप्टनच्या खुशामत्या मित्राचे एफ. जे. मॅकॉर्मिकने, आणि युद्धात एक हात गमावलेल्या भेदरलेल्या मुलाचे आर्थर शील्ड्सने.

या भूमिकेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या नटाची सारी करामत तीत साठविलेली आहे. कॅप्टन बॉइल हा हसण्याजोगा मनुष्य आहे, यात शंका नाही. पण नाटक पुढे सरकते तसे त्या घरावर एकामागून एक घाव पडतात. मिळणार म्हणून गाजलेला वारसा मिळत नाही. उधारीवर आणलेले सामान लोक उचलून नेतात. मुलगी फसविली जाते. सोबत्याचा घात केल्याबद्दल मुलाला ओढून नेऊन ठार मारतात. ज्युनो मुलीला घेऊन घराबाहेर पडते. मोकळ्या झालेल्या त्या खोलीत शेवटी कॅप्टन आपल्या मित्रासह झिंगून येतो आणि मुलगा मेला हे ठाऊक नसताना जगाच्या दुर्दशेविषयी बरळत राहतो. पहिल्या अंकात ज्या चालीवर व ज्या आवाजावर प्रेक्षक हसले, तीच चाल आणि तोच आवाज आता अंगावर काटा आणतो. नटाने काहीही बदललेले नसते. विनोदी नट पुष्कळ असतात, परंतु आपला विनोद असा शेवटी प्रेक्षकांच्या गळ्यात अडकविणारा विरळा. माझ्या समजुतीप्रमाणे फिट्झजेराल्डला हे साधले त्याचे कारण असे की, त्याने बॉइलची थट्टा कधी केली नाही. तो बॉइलवर विश्वास ठेवून बोले.

दोन वर्षांनी, ८ फेब्रुवारी १९२६ रोजी, ओकेसीचे पुढचे नाटक रंगभूमीवर आले. त्याचे नाव द प्लाउ अँड द स्टार्स, म्हणजे नांगर आणि तारे. ज्या तारकासमूहाला आपण सप्तर्षी म्हणतो त्याला त्या देशात नांगर म्हणतात, आणि तो आयरिश कामगार सेनेच्या ध्वजावर काढलेला होता. नाटकाचा विषय सन १९१६ चा उठाव. परंतु ओकेसीने त्यात वीरांची स्तोत्रे गायिली नाहीत. उठावाच्या गदारोळात गरीब वस्तीतील बायकामुलांचे काय झाले, हे त्याने दाखविले. दुसऱ्या अंकात स्वयंसेवक दारूच्या गुत्त्यात शिरतात, आणि त्यांच्या हाती राष्ट्राचे निशाण असते. ज्यांचे पती व पुत्र त्या निशाणासाठी मेले होते, अशा स्त्रिया प्रेक्षकांत बसल्या होत्या. त्यांच्या अग्रभागी हॅना शीही-स्केफिंग्टन ही बाई होती. तिच्या शांततावादी नवऱ्याला १९१६ मध्ये इंग्रज लष्करातील एका अधिकाऱ्याच्या हुकमाने विनाचौकशी गोळी घातली होती. हे दुःख खोटे नव्हते. नुसत्या दंगेखोरीचे नाव त्याला देणे अन्यायाचे होईल. शिवाय सन १९२५ पासून नव्या आयरिश सरकारने या नाट्यगृहाला ८५० पौंडांची वार्षिक मदत सुरू केली होती. आमच्याच पैशाने आमच्याच हुतात्म्यांची विटंबना, असे त्यांस वाटले.

त्या आठवड्याच्या गुरुवारी प्रयोग चालू असताना दंगा उसळला. शिट्या, आरोळ्या, गाणी यांनी नाट्यगृह दणाणले आणि काही तरुण थेट रंगमंचावर चढले. फिट्झजेराल्ड त्या नाटकात फ्लूदर गुड नावाच्या सुताराचे काम करीत होता. कचेरीत ज्याने कधी आवाज चढविला नसेल तो हा ठेंगणा मनुष्य मुठी वळून पुढे सरसावला आणि अंगावर आलेल्या एकाला त्याने असा ठोसा लगावला की तो खाली खुर्च्यांत जाऊन पडला. मग वृद्ध कवी येट्स स्वतः रंगमंचावर आला आणि त्याने प्रेक्षकांना खडसावले. गलक्यात ते भाषण फारसे कोणास ऐकू गेले नाही. परंतु कविमहाशयांनी त्याची प्रत वर्तमानपत्राकडे आधीच पोचती केली होती! पोलीस आले, प्रयोग पुरा झाला. पुढे शस्त्रधारी माणसे फिट्झजेराल्डला पळवून नेण्यासाठी त्याच्या आईच्या घरी गेली. सुदैवाने तो तेथे राहत नव्हता.

या सर्व प्रकारातील एक गोष्ट मला फार विचार करावयास लावते. दुसऱ्या अंकात तिरंगी निशाण हाती घेऊन गुत्त्यात शिरणाऱ्या लेफ्टनंटचे काम आर्थर शील्ड्स करीत होता. खऱ्या उठावात तो लढला होता, त्यासाठी बंदिवास भोगून आला होता. समोर ओरडणाऱ्या तरुणांपैकी किती जण सन १९१६ मध्ये बंदूक धरण्याच्या वयाचे असतील? तरीही आर्थरने आपली शौर्यकथा पुढे करून त्यांचे तोंड बंद केले नाही. त्याने आपले काम केले. देशावर प्रेम करण्याच्या दोन रीती त्या रात्री एका छपराखाली समोरासमोर उभ्या होत्या, आणि दोहोंची किंमत लोकांनी रक्ताने दिलेली होती.

इतके झाले तरी थोरल्या भावाने नोकरी सोडली नव्हती. त्याचे नाव आता सर्वतोमुखी झाले होते. खोटे नाव घेऊन कोणाला फसविण्यात अर्थ उरला नव्हता. तरीही कचेरी सुटत नव्हती. याला भित्रेपणा म्हणावे काय? ज्यांनी अनिश्चित कमाईवर घर चालविले आहे ते असे म्हणणार नाहीत. सन १९२८ मध्ये ओकेसीने द सिल्व्हर टॅसी हे नवे नाटक लिहिले. त्यातील एक भूमिका त्याने याच मित्राला डोळ्यांसमोर ठेवून रचली होती. अॅबेने, म्हणजे मुख्यतः येट्सने, ते नाटक नाकारले. ज्या नाट्यगृहाला ओकेसीच्या नाटकांनी पैसा आणि कीर्ती मिळवून दिली त्यानेच असा नकार द्यावा, ही गोष्ट ओकेसीच्या जिव्हारी लागली. पुढल्या वर्षी ते नाटक लंडनमध्ये होण्याचे ठरले आणि फिट्झजेराल्डला बोलावणे आले. लंडनला राहावयाचे तर डब्लिनची कचेरी सोडणे भाग होते. त्या वेळी त्याचे वय ४१ होते. अठरा वर्षांची नोकरी आणि पुढची पेन्शन यांवर पाणी सोडून त्याने राजीनामा दिला. विल्यम शील्ड्स कारकून संपला.

यापुढील सात वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगण्यासारखा आहे. लंडनमध्ये असतानाच हिचकॉक या दिग्दर्शकाने ज्युनोचा बोलपट काढला (तो १९३० मध्ये दाखविण्यात आला), आणि त्यात फिट्झजेराल्ड प्रथमच पडद्यावर दिसला. पण नवल असे की, जी भूमिका त्याने अजरामर केली ती दुसऱ्याच नटाकडे गेली होती, आणि याच्या वाट्याला रस्त्यात भाषण करणाऱ्या एका वक्त्याचे छोटेसे काम आले. त्याबद्दल त्याने तक्रार केल्याचे कोठे वाचण्यात नाही. नंतर तो अॅबेच्या मंडळीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यांवर गेला. त्या देशात दुष्काळाच्या दिवसांत गेलेल्या आयरिश लोकांची लक्षावधी नातवंडे-पतवंडे राहतात. आजीच्या तोंडी ऐकलेली बोली रंगमंचावर ऐकून त्यांना काय वाटले असेल, हे वाचकांनीच कल्पावे.

अशा आयरिश वंशजांपैकीच जॉन फोर्ड हा हॉलिवूडचा नामांकित दिग्दर्शक होता. सन १९३६ मध्ये त्याने द प्लाउ अँड द स्टार्स चित्रपटात आणले आणि त्यासाठी अॅबेचे नट डब्लिनहून बोलाविले. फिट्झजेराल्ड पुन्हा फ्लूदर झाला. आर्थरला मात्र या वेळी उठावाचा पुढारी पॅट्रिक पीअर्स याची भूमिका मिळाली; ज्या सेनापतीच्या हुकमाखाली तो वीस वर्षांपूर्वी लढला होता, त्याचेच सोंग त्याने कॅलिफोर्नियातील रंगविलेल्या भिंतींपुढे घेतले. चित्रपट फारसा गाजला नाही, पण फिट्झजेराल्ड हॉलिवूडमध्ये राहिला. मग कधी माळी, कधी खलाशी, कधी मुष्टियोद्ध्याचा सोबती, अशी कामे त्याला मिळत गेली. युजीन ओनीलच्या एकांकिकांवरून फोर्डने सन १९४० मध्ये काढलेला द लाँग व्हॉयेज होम आणि वेल्समधील कोळशाच्या खाणींवरचा १९४१ चा हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली या दोन्ही चित्रपटांत दोघे भाऊ आहेत. नायक सुंदर असावा, नायिका त्याहून सुंदर असावी. आणि या दोघांच्या मधून एक वाकडातिकडा, जाड भिवयांचा, घोगऱ्या आवाजाचा म्हातारा चालत गेला की प्रेक्षकांना वाटावे, हा मनुष्य आपल्या गल्लीतला आहे. एवढेच त्याचे काम असे.

पुढे सन १९४४ मध्ये गोइंग माय वे आला. दिग्दर्शक लिओ मॅकेरी. न्यूयॉर्कमधील एका गरीब वस्तीत सेंट डॉमिनिक नावाचे कर्जात बुडालेले देवालय आहे. फादर फिट्झगिबन या वृद्ध धर्मगुरूने ते पंचेचाळीस वर्षे सांभाळले आहे. बिशप एका तरुण पाद्र्याला तेथे पाठवितात. वृद्धाला वाटते, हा आपला मदतनीस. वास्तविक कारभार आता तरुणाकडे सोपविलेला असतो, आणि वृद्धाचे मन दुखावू नये म्हणून तरुण ते उघड करीत नाही. बिंग क्रॉस्बी हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय गायक त्या तरुणाच्या भूमिकेत होता. पण चित्रपट पाहून लोक घरी गेले ते त्या म्हाताऱ्याला मनात घेऊन. त्याचा हट्टीपणा, उगीच रागावणे, नव्या रीतींविषयी संशय, आपण आता नकोसे झालो हे कळताच पावसात घर सोडून निघून जाणे, आणि भिजून, ओशाळून परत येणे, हे सारे त्याने इतक्या थोड्या हालचालींत दाखविले आहे की अभिनय चालू आहे याचा विसर पडतो. सर्वात शेवटी, आयर्लंडात राहिलेली त्याची नव्वदी ओलांडलेली आई, जिला त्याने पंचेचाळीस वर्षांत पाहिलेले नाही, तिला तरुण पाद्री गुपचूप बोलावून आणतो. देवालयात मुले अंगाईगीत गात असतात. म्हातारी काठीसारखी वाळलेली, हळूहळू चालत येते. आणि तो म्हातारा लहान मूल होऊन तिच्या कुशीत मस्तक ठेवतो. तरुण पाद्री निरोप न घेता बाहेरच्या अंधारात निघून जातो. आपल्या पाहण्यात हा चित्रपट आला नसेल तर तो अवश्य पाहावा, असे मी विद्यार्थ्यांना सुचवीन.

आता मघाशी सांगितलेली गोष्ट आठवावी. ज्याच्याकडे पाहून अमेरिकेतील कॅथलिक लोक आपल्या लहानपणच्या धर्मगुरूंची आठवण काढून डोळे पुसू लागले, तो स्वतः प्रॉटेस्टंट होता. तो चित्रपट घेतला तेव्हा त्याला साठीही लागली नव्हती. आणि त्याने लग्न न केल्यामुळे पोराबाळांच्या संसाराचाही त्याला अनुभव नव्हता. पण म्हातारपणाविषयी त्याला जे कळले होते ते पुष्कळ म्हाताऱ्यांनाही कळत नाही.

अमेरिकेच्या चित्रपट अकादमीत त्या वर्षी एक विलक्षण घोटाळा झाला. एकाच भूमिकेसाठी फिट्झजेराल्डचे नाव प्रमुख नटांच्या यादीत आणि दुय्यम नटांच्या यादीतही आले. नियमांत तशी मनाई नव्हती. सन १९४५ च्या मार्चमध्ये बक्षिसे जाहीर झाली तेव्हा प्रमुख नटाचे बक्षीस क्रॉस्बीला आणि दुय्यम नटाचे फिट्झजेराल्डला मिळाले. त्यानंतर अकादमीने नियम बदलला, त्यामुळे हा मान पुढे दुसऱ्या कोणास मिळाला नाही. युद्धामुळे धातूची टंचाई होती, म्हणून त्या वर्षांत ऑस्करच्या मूर्ती प्लास्टरच्या करीत. फिट्झजेराल्डला गोल्फचा मोठा नाद. घरातच काठी फिरवून सराव करताना तिचा फटका त्या मूर्तीला बसला आणि तिचे शिर धडावेगळे झाले! हॉलिवूडमध्ये या गोष्टीवर पुष्कळ हसले. मला वाटते, बक्षिसाची मूर्ती कपाटात कुलपात न ठेवता गोल्फच्या फटक्याच्या टप्प्यात ठेवणारा मनुष्य तिला किती महत्त्व देत असेल हेही त्यावरून दिसते.

त्याच काळातील दुसरी गोष्ट हसण्याजोगी नाही. सन १९४४ च्या मार्चमध्ये, म्हणजे चित्रपट लोकांपुढे येण्याच्या थोडे आधी, त्याच्या मोटारीखाली सापडून एक स्त्री मृत्यू पावली व तिची मुलगी जखमी झाली. त्याच्यावर मनुष्यवधाचा खटला झाला; पुरावा अपुरा पडल्यामुळे १९४५ च्या जानेवारीत न्यायालयाने त्याला सोडून दिले. म्हणजे ज्या महिन्यांत सारा देश त्या प्रेमळ वृद्ध धर्मगुरूचे कौतुक करीत होता, त्याच महिन्यांत तो नट आरोपी म्हणून न्यायालयाच्या तारखा मोजीत होता. थोरांची चरित्रे लिहिताना असे प्रसंग गाळण्याची चाल आहे. पण एका घरातील माणूस गेले, ते गाळून कसे चालेल?

नंतरच्या वर्षांत त्याला काम पुष्कळ मिळाले. अॅगाथा ख्रिस्तीच्या कथेवरून निघालेल्या अँड देन देअर वेअर नन या १९४५ च्या चित्रपटात तो न्यायाधीश झाला. १९४८ मध्ये द नेकेड सिटी आला. त्याचे चित्रण बव्हंशी न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या गर्दीत केलेले होते, आणि तीत खुनाचा माग काढणारा शांत, मिस्किल पोलीस अधिकारी त्याने रंगविला. कीर्तीचा त्याला कंटाळा होता. मेजवान्या, मुलाखती, झगमगाट यांपासून तो दूर राही. एका स्नेह्याबरोबर साध्या बिऱ्हाडात राहावे, पाइप ओढावा, मोटारसायकलवरून फेरफटका मारावा, गोल्फ खेळावे, यात त्याला समाधान होते.

सन १९५१ च्या उन्हाळ्यात फोर्डने आपली मंडळी आयर्लंडातच नेली. मेयो परगण्यातील काँग या खेड्यात द क्वाएट मॅन या चित्रपटाचे चित्रण झाले; तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेहून बापजाद्यांच्या गावी परतलेल्या तरुणाचे लग्न जुळविणारा मध्यस्थ मायकेलीन, डोक्यावर काळी टोपी, हाती घोड्याचा लगाम आणि जिभेवर सदा तहान, ही फिट्झजेराल्डची भूमिका. तिच्यात कॅप्टन बॉइल पुन्हा डोकावतो, पण या वेळी त्याच्यावर दुःखाची छाया नाही. उन्हात बसलेला बॉइल म्हणा हवे तर. गावच्या प्रॉटेस्टंट पाद्र्याचे सौम्य, सज्जन काम आर्थरने केले. डब्लिनच्या एका घरात वाढलेले ते दोघे भाऊ, एक साठीच्या पुढे, एक पन्नाशीच्या पुढे, आपल्याच देशाच्या हिरव्या कुरणांत अमेरिकन कॅमेऱ्यापुढे वावरत आहेत, हे दृश्य पाहताना मागची सारी वर्षे डोळ्यांपुढून जातात. त्याच उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, अॅबेचे जुने नाट्यगृह आगीत जळाले. जेथे ठोसा मारला होता तो रंगमंच राहिला नाही.

पुढे प्रकृती खालावू लागली, तसा तो डब्लिनला परत आला. सन १९५९ मध्ये आयर्लंडात तयार झालेला ब्रॉथ ऑफ अ बॉय हा त्याचा अखेरचा चित्रपट. त्यात त्याने जगातील सर्वांत म्हाताऱ्या मनुष्याचे काम केले. १९६१ च्या जानेवारीत, वयाच्या ७२ व्या वर्षी, जन्मगावीच त्याचे देहावसान झाले आणि शहराच्या दक्षिणेस डीन्सग्रेंज येथील दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. आर्थर तेव्हा अमेरिकेत होता. तो त्यानंतर नऊ वर्षे जगला आणि १९७० मध्ये कॅलिफोर्नियात वारला.